आवाज नको, चित्र द्या

"हेडफोन घे नं. त्याच्याबिगर ऐकू कसं येईल तुले?" सायबर कॅफेवाले धोटेभाऊ म्हणाले.

"मला ऐकायचं नाहीये."

"मंग कॅमेऱ्याचं कॉम्प्युटर काहून मागून राहिली? दोनच आहेत माह्याकडे. पोरं लाईन लावून बसतात त्याच्यासाठी."

"आवाज नको मला, भाऊ. बंद पडलेला असला तरी चालेल. चित्र तेवढं हलतं द्या."

धोटेभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ही पोरगी एक तर वेडी आहे, नाहीतर हिची काहीतरी भानगड आहे, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. भानगडच ठरली असावी, कारण ते फडकं घेऊन माझ्या खुर्चीमागची काच पुसत उभे राहिले. काच आधीच लख्ख होती.

नागपूरला इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला त्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. त्याआधी मी माउसला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. विट्याजवळच्या आमच्या गावात शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला होता खरा, पण मुख्याध्यापकांच्या बायकोने त्याच्यासाठी लोकरीचं झाकण विणलं होतं आणि ते काढायची कुणाची टाप नव्हती. इंटरनेट म्हणजे काय, ईमेल कसा उघडायचा, पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो, हे सगळं मला धोटेभाऊंनीच शिकवलं. पहिल्या दिवशी मी पासवर्ड मोठ्याने म्हणून दाखवला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता.

त्या दिवशी पडद्यावरच्या चौकोनात आधी नुसतं एक कपाळ आलं. तानाजीमामाचं. मी मोबाइल कानाला लावला.

"मामा, मागं सरक. नुसतं कपाळ दिसतंय."

"आगं, तू दिसाय लागलीस की! लई वाळलीस."

"माझं राहू दे. आईला बसव. आणि लांब बसव, पोटापर्यंत दिसली पाहिजे."

मामा बाजूला झाला आणि आई आली. खुर्चीच्या टोकावर बसलेली, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेली. तिने मला पाहिलं. मग दोन बोटांनी स्वतःच्या हनुवटीला चिमटा घेतला. माझ्या हनुवटीला खळी आहे, म्हणून हा चिमटा म्हणजे माझं नाव. जगात माझ्या आईशिवाय त्या नावाने मला कुणी हाक मारत नाही.

मी फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी बोलायला लागले. मागे फडकं थांबलं.

थोड्या वेळाने धोटेभाऊ हळूच म्हणाले, "माय बोलत नाही काय तुही?"

"बोलते की. तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच."

माझी जीभ तेव्हा अशीच होती, आणि ती तशी व्हायला कारण होतं. आई जन्मापासून बहिरी. शाळेत तिला कुणी घातलंच नाही. गाव तिला मुकी हौसा म्हणायचं, आणि म्हणणाऱ्याच्या अंगावर मी लहानपणापासून धावून जायचे. वडील मी पाळण्यात असतानाच आम्हाला टाकून गेले. मामाने आम्हाला ठेवून घेतलं. आई फॉल-पिको करायची, ब्लाऊज शिवायची, आणि आम्ही दोघी मिळून आमची भाषा करत गेलो. ती कुठल्या पुस्तकातली नाही. एखादी नवी वस्तू घरात आली की तिला हात ठरवायचा, पटला तर ठेवायचा, नाहीतर बदलायचा. मामाला फक्त जेव, झोप, ये, जा एवढंच कळायचं. "मला काय जमतंय गं," म्हणायचा. "आक्काला माझं कळतं, बास झालं."

बाकी सगळीकडे मी तिचं तोंड. दुकानात मी, दवाखान्यात मी, शाळेत पालकसभेलाही मीच. गुरुजी माझ्या खोड्यांची यादी वाचत होते आणि मी आईला हातांनी सांगत होते, "म्हणतायत, पोरगी हुशार आहे." आईने गुरुजींचं तोंड एकदा बघितलं, माझं एकदा बघितलं, आणि तिथेच माझ्या पाठीत धपाटा घातला. गुरुजी खूश झाले.

तर अशी बाई मी गावात एकटी सोडून नागपूरला आले होते. जा म्हणून तीच हट्ट करत होती. पण फोनचा तिला उपयोग नाही आणि पत्र तिला वाचता येत नाही. मी मामाला फोन करायचे आणि विचारायचे, "आई काय म्हणते?" मामा म्हणायचा, "आक्का बरी हाय." दुसऱ्या आठवड्यात, "आक्का बरी हाय." तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, "मामा, तिला विचार तरी!" तर म्हणतो, "इचारलं की. मान हलवली." हॉस्टेलच्या खोलीत मी उशीत तोंड खुपसून रडले. आईशी भांडायलासुद्धा मिळत नव्हतं मला. मग एके दिवशी वरच्या वर्गातली एक मुलगी कॅफेत अमेरिकेतल्या भावाशी कॅमेऱ्यावर बोलताना पाहिली. त्यांचा आवाज तुटत होता म्हणून ती चिडचिड करत होती, आणि मी मात्र त्या हलणाऱ्या चौकोनाकडे बघतच राहिले. आवाज मरू दे, हात दिसतायत की!

मला धोटेभाऊंनी शिकवलं आणि मी मामाला फोनवर शिकवलं. त्या शिकवणीत मामाचा आणि माझा मिळून जीव जायचा बाकी राहिला.

"निळ्या अक्षरावर दाब."

"दाबलं."

"काय झालं?"

"बोट दुखलं."

"मामा, पडद्यावर बोट नाही दाबायचं! तो माउस हातात घे."

पण शिकला बिचारा. दर बाजाराच्या दिवशी आईला मोटरसायकलवर घालून विट्याला आणायचा, कॅफेत मशीन चालू करून द्यायचा आणि शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून गप्प बसायचा.

आम्हा दोघींनाही नव्याने शिकावं लागलं. लाईन मंद. भराभर बोललं की हात धुरासारखे पुसट व्हायचे, मध्येच अडकायचे, आणि सुटले की भलतीकडेच असायचे. मग आम्ही हळू बोलायला शिकलो. एक गोष्ट सांगायची, हात तसाच धरून ठेवायचा, समोरच्याला पोचली की पुढची. आईचे फुलाफुलांचे ब्लाऊज घोटाळा करायचे, त्यांच्यावर बोटं दिसायचीच नाहीत. पुढच्या वेळी बघते तर गडद निळा, एकरंगी, नवा शिवलेला ब्लाऊज घालून बसलेली. "बाजारादिवशीचा," तिने ऐटीत सांगितलं. मी सुद्धा एक काळा कुडता त्यासाठीच ठेवला.

"तुझ्या मागं तो माणूस सारखी काच पुसतो," ती एकदा म्हणाली. "त्याला दुसरा धंदा नाही का?"

मी हसले. धोटेभाऊंनी विचारलं, "काय म्हणते माय?"

"तुमचं कॅफे स्वच्छ आहे म्हणते."

"हो नं? थँक्यू म्हण तिले."

त्यांनी दोन्ही हात जोडून कॅमेऱ्याकडे नमस्कार केला. आईने मला विचारलं, "तू खोटं सांगितलंस ना?" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसताना तिच्या तोंडातून आवाज यायचा, तो मोठा आणि वेडावाकडा होता. गावात लोक त्यावरून चेष्टा करायचे. तो मात्र मला त्या कॅमेऱ्यात कधी ऐकू आला नाही. हेडफोन घेतला असता तर आला असता, पण तेव्हा ते सुचलं नाही.

हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी ते आले नाहीत. मामाने फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच आला.

"आक्काच्या पोटात दुखत हुतं. आतडं फुटलं म्हणत्यात. आपरेशन झालंय. तू ये."

"बरी आहे ना ती?"

या वेळी मामा 'बरी हाय' म्हणाला नाही.

"लई हात उडवती गं. सुई उपसून काढली सलाईनची. डॉक्टर इचारत्यात कुठं दुखतंय, काय हुतंय, आमाला काय सांगता येईना. ती सारखी काहीतर सांगती. तू ये लवकर."

गाडी थेट संध्याकाळी होती. तिच्यात बसले तरी पोचेपर्यंत दुसरा दिवस मावळणार. मी म्हटलं, "मामा, कसंही कर, पण तिला कॅमेऱ्यावर आण. विट्याच्या कॅफेवाल्याकडे लॅपटॉप आहे. त्याच्या पाया पड, पण आण. ती काय सांगते ते मी तुम्हाला सांगते."

मामाने आणला. डॉक्टरांनाही ते पटलं. बाईला काय होतंय हे त्यांनाही कळायला हवंच होतं. मी काळा कुडता चढवून धावत कॅफेत गेले. आई दवाखान्यात आहे, एवढंच धोटेभाऊंना सांगितलं. कॅमेऱ्यावरच्या पोराला त्यांनी दंडाला धरून उठवलं. लाईन लागली, पण चित्र येईना. नुसता करडा चौकोन.

"बंद करा रे सगळे!" धोटेभाऊ ओरडले. "गाणे, पिच्चर, चॅटिंग, सगळं बंद. लाईन एकाच मशीनले पायजे."

कुणीतरी कुरकुरलं.

"बंद म्हणलं नं! पोरीची माय दवाखान्यात हाये."

एकेक पोराने हात बाजूला घेतला. चौकोन उजळला आणि आईचा चेहरा आला. नाकात नळी, ओठ कोरडे, केस विस्कटलेले. डोळे इकडेतिकडे भिरभिरत होते. ते माझ्यावर येऊन थांबले आणि तिचा खांदा एकदम हलला. परत हलला. ती बोलत होती. पण चौकोनात नुसता चेहरा होता.

"मामा, कॅमेरा खाली घे. हात दाखव."

"आगं तोंड बघ की तिचं. तुला बघून कशी करती बघ."

"तोंड काय बघू? ती हाताने बोलते ना मामा! खाली घे!"

चित्र हललं, अडकलं, आणि खाली आलं. आईचे दोन्ही हात पलंगाच्या लोखंडी दांड्यांना बांधलेले होते. मनगटाभोवती पांढरी पट्टी, तिला गाठ. पुढे बोटं तेवढी हलत होती. नुसत्या बोटांतून मला काही वाचता येत नव्हतं.

"हात कुणी बांधले?"

"सिस्टरनी. सुई काढती म्हणून. तिच्या चांगल्यासाठीच गं..."

"कधीपासून?"

"काल दुपारधरनं."

मी किंचाळले. कॅफेतली सगळी पोरं माना वळवून बघायला लागली. "मामा, ती हात उडवत नव्हती! बोलत होती ती! तुझं तोंड बांधून कुणी कालपासून तुला निजवून ठेवलं असतं तर?"

मामाने सिस्टरला हाक मारली. मग लांबून सिस्टरचा आवाज ऐकू आला, "अहो, काढता येणार नाही, पुन्हा लाईन लावायला शीर सापडत नाही." आणि मग मामाचा. तो इतका बारीक होता की आधी मला ओळखूच आला नाही. "सुई डाव्या हाताला हाय न्हवं? उजवा सोडा बाई. डावा मी धरून बसतो. हलू देत न्हाई. पर उजवा सोडा."

गाठ सुटली. आईचा उजवा हात थोडा वेळ चादरीवर तसाच पडून राहिला. मग तो उठला, पलीकडच्या बांधलेल्या मनगटाला शिवला, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

आमच्या बाजारात एकदा एका पाकीटमाराला पकडून खांबाला बांधलं होतं. मी तेव्हा तिच्या कडेवर होते म्हणे. तेव्हापासून आमच्यात मनगटाला हात लावला की चोर.

"मी चोर नाही," आई म्हणाली. "मी काय केलं?"

"काही नाही केलंस आई. तुला ते सुईसाठी बांधलं. त्यांना वाटलं तू काढशील."

"सुई दुखत होती. सांगत होते. पाठीत दुखतंय, सांगत होते. पाणी पाहिजे." मग हनुवटीला चिमटा. "हिला बोलवा, म्हणत होते. कुणी बघत नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते."

तिने प्रत्येक गोष्ट सांगून हात तसाच धरून ठेवला. 'पोचली' म्हणून मी मान हलवल्यावरच तिने पुढची सांगितली. त्याही अवस्थेत.

मी फोनवर सांगितलं. पाठीत, उजवीकडे, खाली. पाणी. डॉक्टर काहीतरी म्हणाले, धावाधाव झाली, कुणीतरी ओल्या कापसाने तिचे ओठ पुसले. मी आईला सांगितलं, "त्यांना सगळं कळलं. आता डॉक्टर करतील."

"तू रडू नको. चित्र पुसट होतं," आई म्हणाली. मग म्हणाली, "माझा हात जड झालाय. तू बोल. मी बघते."

आणि मी बोलले. काय बोलावं सुचेना, म्हणून मेसच्या डाळीचं सांगितलं, की ती इतकी पातळ असते की ताटात तोंड दिसतं. शेजारच्या कॉटवरची मुलगी घोरते, आणि तुला ऐकू येत नाही म्हणून तू सुखी आहेस, असं सांगितलं. काच पुसणाऱ्या माणसाने तुझ्यासाठी सगळ्यांची मशीन्स बंद केलीत, हे सांगितलं. आईच्या डोळ्यांच्या कडा हसल्या, आणि तिथेच चित्र अडकलं.

मी थांबले नाही. हात चालूच ठेवले. तिला मी दिसतेय की नाही ते कळत नव्हतं. टेबलावर ठेवलेल्या फोनमधून मामाचा आवाज आला. धोटेभाऊंनी तो उचलून माझ्या कानाला धरला.

"दिसतीयस तू तिला," मामा म्हणत होता. "तू बोल. बघती ती. आता हसली. आता डोळं मिटलं... उघडलं. बोल तू, थांबू नकोस. मान हलवली बघ." आयुष्यात पहिल्यांदा मामा मला तिचं सांगत होता. खूप वेळाने म्हणाला, "झोपली. लई शांत झोपली."

संध्याकाळी मी गाडीत बसले. पुण्याच्या अलीकडे कुठेतरी मामाचा फोन आला. "वर्षा..." एवढंच म्हणाला. मी 'हो' म्हटलं आणि फोन ठेवला.

घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि सगळे माझ्यासाठीच थांबले होते. बायकांनी आईला न्हाऊ घालून नवी साडी नेसवली होती. मी तिच्याजवळ बसले. तिच्या मनगटांवर पट्टीचे वळ होते, दोन्हीकडे. मी त्यावरून बोट फिरवत राहिले. मग पुरुषमंडळींनी मला उठवलं आणि तिला तिरडीवर घेतलं.

बाळूनाना म्हणून भावकीतले म्हातारे होते, गावात कुणाचंही असलं तरी तेच बांधायचे. त्यांनी आधी पायाचे अंगठे जुळवून सुतळी बांधली. मग आईचे दोन्ही हात छातीवर आणले, अंगठ्याला अंगठा लावला आणि सुतळीचा वेढा दिला.

मला ओरडायचं होतं. नको, हात नको, एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर जिचं तोंड मी होते तिच्यासाठी त्या वेळी माझ्या घशातून आवाज फुटेना. तोंड नुसतं उघडलं. आणि माझे हात आपोआप वर आले. मनगटावरची गाठ सोडून दोन्ही पंजे उघडायचे, आमच्यात सोड म्हणायचं ते असं. मी ते करत होते, पुन्हा पुन्हा, आणि सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. पोरीला वेड लागलं, असं कुणीतरी बाई म्हणाली.

मामा तिरडीच्या पलीकडे उभा होता. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं.

"नाना, हात सोडा," तो म्हणाला.

"आरं, पद्धत हाय ती."

"आसंल. हात सोडा."

"वाटंत हात भाईर येतो तानाजी. बरं दिसत न्हाई ते."

"यिऊ दे की मग," मामा म्हणाला, आणि वाकून त्याने स्वतःच सुतळी सोडली.

तिला उचललं. मीही मागोमाग चालले, मला कुणी अडवलं नाही. पाटाजवळ रस्ता खडबडीत आहे, तिथे तिरडी हेलकावली आणि नाना म्हणाले तसंच झालं. आईचा उजवा हात पांढऱ्या कापडातून निसटून बाहेर आला आणि चालण्याबरोबर हलायला लागला. पुढचा खांदा मामाचा होता. त्याने मान वळवून पाहिलं, तिचा हात आत घ्यायला आपला मोकळा हात मागे नेला. मग तिच्या हाताला न शिवताच आपला हात परत पुढे घेतला आणि चालत राहिला.